इथं उतरवून मिळेल

आमच्या घराच्या पुढच्या खोलीत वादिराज दुकान मांडून बसला, त्याला बरीच वर्षं झाली. कमरीपेठेत कुणालाही विचारा, गेमवाला वादी म्हटलं की बोट दाखवतील. मीही त्याला वादीच म्हणते. समोरच्या माडीवर पूर्वी एक वकील राहायचे. मी सकाळी "वादी, चहा घे रे" म्हणून हाक मारली की ते खिडकीत येऊन बघायचे, कोण पक्षकार आला म्हणून. आमच्या वादीचं मात्र जन्मात कुणाशी भांडण नाही. नावात आहे तेवढाच वाद.

तो मूळचा धारवाडचा. सुभाष रोडच्या मागच्या गल्लीत घर, वडील शाळामास्तर. मुलानेही मास्तर व्हावं असं त्यांच्या मनात. मुलगा शिकला, पास झाला, आणि एक दिवस बगलेत टीव्ही धरून आमच्या दारात उभा राहिला. खोली भाड्याने पाहिजे म्हणाला. तेव्हा आमचे हे होते. आमचा भुसाराचा व्यापार. ज्वारी, हरभरा, शेंगा. पुढच्या खोलीत पोती, मागे वखार. ह्यांनी त्याला विचारलं, "काय विकणार?"

"काही नाही काका. लोक येणार, टीव्हीवर गेम खेळणार, घरी जाणार."

"आणि माल?"

"माल इथंच राहणार."

ह्यांनी खोलीतल्या पोत्यांकडे बघितलं. मग आत येऊन मला म्हणाले, "कृष्णे, आपण उगाच जन्मभर पोती उचलली बघ." आणि खोली दिली.

शाळेच्या वेळेत शाळेच्या मुलांना आत घ्यायचं नाही, हा वादीचा नियम. तरी एक मुकुल म्हणून पोरगा दप्तर आमच्या वखारीत लपवून, साध्या शर्टात येऊन बसायचा. एके दिवशी त्याची थोरली बहीण सावनी भांडायला आली. कानडीत सुरुवात केली, वादी ऐकून घेतोय म्हटल्यावर मराठीत भांडली. त्याने तिला बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं आणि म्हणाला, "तुमचं बरोबर आहे." भांडण तिथंच मेलं. लग्न पुढच्या वर्षी झालं, आणि दोघं आमच्याच घरात मागच्या बाजूला राहायला लागली. ती लॅमिंग्टन रोडवरच्या एका शाळेत शिकवते. मुकुल बेंगळूरला मोठ्या नोकरीत आहे. त्या दप्तराचं काही बिघडलं नाही म्हणायचं.

पुढे घरोघरी गेमची यंत्रं आली, तसा वादी गेमच्या सीडी विकायला लागला. बाजारात तेव्हा नकली सीडी भाजीसारख्या मिळायच्या. वादीने एक ठेवली नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, "अण्णा, हीच सीडी पलीकडच्या गल्लीत निम्म्यात मिळते."

"मिळते की. मारुतीच्या देवळापासून आत वळा, डाव्या हाताला."

टोमणा नव्हे. खरोखर वाट सांगायचा.

मग असे दिवस आले की डब्यात सीडीच येईना. मी दुकानात फडकं मारत होते, एक डबा हलका लागला म्हणून उघडून बघितला. आत एक चिठोरं.

"वादी, तुला कुणीतरी फसवलं रे. आत काहीच नाही."

"आता तसंच येतं अज्जी. त्या कागदावर नंबर असतो. तो यंत्रात घातला की गेम आपल्या नावावर चढतो. मग तारेतून उतरवून घ्यायचा."

"आधी चढतो, मग उतरतो?"

"होय."

"आणि मधल्या वेळात कुठं असतो?"

"कंपनीच्या मोठ्या कम्प्युटरवर. लांब कुठंतरी."

"म्हणजे वखारीत."

वादी हसला. "वखारच म्हणा की."

वखार म्हटल्यावर मला पुढचं समजायला वेळ लागला नाही. माल विकत घेतला, पावती आपल्या नावावर झाली, आणि पोती राहिली वखारीत. पाहिजे तेव्हा गाडी आणायची आणि उतरवून न्यायची. वादी म्हणाला, यंत्रात जागा नसली आणि गेम पुसून टाकला तरी नाव तिकडे राहतं, पुन्हा उतरवता येतो. हे आमच्या धंद्यापेक्षा बरं. ज्वारी एकदा खाल्ली की खाल्ली. गेमचं माप जीबीत करतात. जीबी म्हणजे मणासारखं काहीतरी असावं असं मी धरून चालते आणि अजून कुठं अडलेलं नाही.

पण पुढे तो रिकामा डबासुद्धा बंद झाला. लोक घरी गादीवर पडल्या पडल्या फोनवर गेम विकत घ्यायला लागले. वादी दुकान उघडायचा, डबे पुसायचा, उन्हाकडे तोंड करून बसायचा. दुकानात येणारा म्हणजे बहुतेक पत्ता विचारणारा.

गणपती बोळवून आलो त्या दिवशी तो चहाची कपबशी हातात धरून बसला. साय धरली तरी प्यायला नाही. मग म्हणाला, "अज्जी, मुकुलने बेंगळूरला काम बघितलंय. मॉलमध्ये फोनचं दुकान आहे. गळ्यात पट्टा घालून उभं राहायचं, आलेल्याला या म्हणायचं."

"तुझं दुकान?"

"खंडेनवमीला यंत्रांची शेवटची पूजा करतो. दसऱ्याला किल्ली तुमच्या हातात देतो."

जाऊ या म्हणणाऱ्या सावनीचंही चुकत नव्हतं. एकटीच्या पगारावर घर चालवायचं आणि नवऱ्याला रोज डबे पुसताना बघायचं, हे किती वर्षं बघेल बाई. मी म्हटलं, "चहा गरम करून आणते." गरम केलेला चहाही तसाच राहिला.

त्याच आठवड्यात नारायण आला. हा रेल्वेच्या कारखान्यात कामाला, वादीचं जुनं गिऱ्हाईक. घ्यायचं काही नव्हतं, नुसती तक्रार सांगायला आला होता.

"अण्णा, गेम घेऊन बसलोय, पण उतरेना झालाय. घरी तार नाही, फोनच्या डेटावर ओढतो. दुपारी डेटा संपतो, राहिलेलं उद्यावर. तेवढ्यात कंपनी त्यात आणखी काहीतरी घालते, की माल वाढला. मी खेळणार कधी, रिटायर झाल्यावर?"

वादी मान हलवत होता. मी आतून ऐकत होते. आमच्या गल्लीत लॉरी शिरायची नाही त्या काळी. बारक्या दुकानदारांचा माल आमच्या वखारीशी उतरायचा आणि ते हातगाडी आणून आपापला घेऊन जायचे. मी बाहेर येऊन म्हटलं, "वादी, तुझ्याकडे ती जाड तार आहे नव्हे?"

"आहे. दुकानासाठी घेतलेली."

"मग ह्याचा माल तुझ्या दारात उतरव. तो हातगाडी आणेल."

नारायण म्हणाला, "हातगाडी म्हणजे लॅपटॉप का अज्जी?"

"तुझ्याकडे जे काय असेल ते."

वादीला पटलं, पण तोंड उतरलं. "त्यांना आपलं नाव, पासवर्ड इथं घालावा लागेल. दुसऱ्याच्या दुकानात बसून कोण घालतं?"

मग मला ह्यांची रीत आठवली. वखारीत प्रत्येक व्यापाऱ्याचं कुलूप वेगळं. तो किल्ली लावायला लागला की आमचे हे रस्त्याकडे तोंड करून उभे राहायचे. मी एकदा म्हटलं होतं, किल्ली बघितली म्हणून काय होतं? तर म्हणाले, "काही होत नाही. पण मी बघत नाही हे त्याला दिसायला पाहिजे."

हे मी वादीला सांगितलं. दुसऱ्या दिवशी नारायण लॅपटॉप घेऊन आला, बसला. वादी म्हणाला, "घाला नाव," आणि रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. असा उभा राहिला की जाणाऱ्या भाजीवालीला वाटलं हा आपल्यालाच बोलावतोय. तिने गाडी थांबवली आणि दोडके घ्यावे लागले. पण संध्याकाळी नारायण गेम घेऊन घरी गेला. साठ जीबी, असं वादी मला कौतुकाने सांगत होता.

नारायणमागून आणखी एक-दोघं आले. बस, तेवढेच. मी म्हटलं, पाटी लाव. वादी म्हणाला, "निघायच्या तोंडावर पाटी कशाला अज्जी? इरली बिडी, राहू दे." मग मीच वखारीतली जुनी काळी फळी काढली. तिच्यावर ह्यांनी लॉरीवाल्यांसाठी लिहिलेलं होतं, माल इथं उतरवा. ते पुसलं आणि खडूने लिहिलं, इथं उतरवून मिळेल. माझं शिक्षण तिसरीपर्यंतचं, अक्षर मोठं, फळी तेवढ्यात भरली. काय उतरवून मिळेल ते लिहायला जागा नव्हती आणि गरजही वाटली नाही. दुकान गेमचं, दारातून यंत्रं दिसतात. फळी दाराशी टेकवली आणि विसरून गेले.

सर्वपित्री अमावास्येला दुपारी भाग्यलक्ष्मी आली. ही देवळामागे राहते, शेंगांच्या होळिगे, म्हणजे गोड पोळ्या, करून विकते. तशी तोंडओळख. एका हाताने लेकीचं मनगट धरलेलं, दुसऱ्या हाताने पदर. लेक दीपश्री, इंजिनिअरिंगला आहे. तिच्या पाठीला पिशवी आणि तोंडावर राग.

"मावशी, इथं उतरवून मिळतं नव्हे?"

"मिळतं की. बसा."

"कधीची शोधतेय बघा असं कुणी. आमच्याकडे करणारी म्हातारी होती, ती वारली."

मला नवल वाटलं, पण म्हटलं असेल बाई. आजकाल म्हाताऱ्या काय काय करतात. विचारलं, "कधीपासून चाललंय?"

"गणपतीपासून. जेवणाकडे लक्ष नाही. माडीवर कोपऱ्यात बसते, फोन उंच धरून. हाक मारली की म्हणते, थांब, थोडंच राहिलंय. काय राहिलंय ते सांगत नाही."

"सगळ्यांचं तसंच होतं. किती असेल अंदाजे?"

"एकवीस संपून बावीस लागलं."

"मग काही फार नाही. परवा वादीने नारायणचं साठ उतरवलं."

भाग्यलक्ष्मीने कपाळाला हात लावला. "कारखान्यातला नारायण? तो साठ वर्षांचा आहे?"

आता मी गोंधळले.

"एवढा तरुण दिसतो साठाव्या वर्षी?" ती म्हणाली. "मग लागणारच की दृष्ट."

मी फळीकडे बघितलं. दीपश्रीने फळीकडे बघितलं. आत वादीने तोंडाला फडकं लावलं, त्याच फडक्याने तो डबे पुसतो. पोरगी खाली बसून हसायला लागली ती थांबेना.

"बघा," भाग्यलक्ष्मी म्हणाली, "हे असं. कारण नसताना हसते."

आता त्या बाईला परत कसं पाठवायचं? अमावास्या, दारात आलेली, आणि पाटी माझ्याच हातची. मी आत गेले, मीठ, मोहरी, सुक्या लाल मिरच्या मुठीत घेऊन आले. दीपश्रीला उंबऱ्यात पूर्वेकडे तोंड करून बसवलं. "आई, चल ना," ती म्हणत होती, पण बसली. उतरवताना बोलायचं नसतं, म्हणून सगळी गप्प. मग शेगडीवर मूठ टाकली.

आणि असा ठसका उठला म्हणता. भाग्यलक्ष्मी खोकली, पोरगी खोकली, वादी रस्त्यापर्यंत पळाला. दृष्ट असली तर मिरच्यांचा ठसका येत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.

"दृष्ट नाहीये गं," मी डोळे पुसत म्हटलं.

"मग काय आहे हिला?"

दीपश्रीने नाक पुसलं. "गेम आहे आई. मी घेतलाय. शिकवणीच्या माझ्या पैशांतून. फोनच्या डेटावर उतरतच नाहीये."

"गेम? लग्नाच्या वयाची घोडी झालीस."

"म्हणूनच सांगितलं नव्हतं."

वादीला तेवढं पुरलं. तो परत आला, स्टूल पुढे केलं. "बस. नाव घाल." आणि तोंड रस्त्याकडे.

दीपश्रीने मान तिरकी करून बघितलं. "अण्णा, तिकडे काय आहे?"

"काही नाही. रस्ता."

तिच्या लक्षात आलं. पासवर्ड घातला तो सावकाश, मोकळेपणाने. आणि माल उतरायला लागला. पडद्यावर हिरवी पट्टी पुढे सरकत होती. भाग्यलक्ष्मी माझ्याशी होळिगेच्या सारणाचं बोलत बसली. अर्ध्याच्या पुढे गेली असेल पट्टी आणि थांबली. वादीने दाराबाहेर डोकावलं. गल्लीच्या तोंडाशी गटारीसाठी खणत होते. खणणारं यंत्र उभं, आणि त्याच्या दातात आमची तार, शेवयीसारखी लोंबत.

"झालं," दीपश्री म्हणाली. "माझ्या नशिबात नाहीच." इतका वेळ हसणारी पोरगी, आवाजच बदलला. मग तिची नजर वादीच्या यंत्रावर गेली. "अण्णा, हाच गेम तुमच्याकडे आहे ना? तो लावलेला दिसतोय."

"आहे. मी विकत घेतलाय."

"मग त्याची कॉपी माझ्या डिस्कवर करून द्या."

वादीचा चेहरा मी इतका कडक कधी बघितला नव्हता. "ते नाही जमणार."

"का?"

"नकली काम या दुकानात झालेलं नाही. आता दुकान बंद करता करता करणार नाही."

"नकली कसलं? माझा घेतलेला आहे."

"तुझा तिकडे आहे. हा माझा आहे."

दोघं हटेनात. वादी भांडत होता असं नाही म्हणता येणार, पण जागचा हलतही नव्हता. शेवटी दीपश्री म्हणाली, "बरं. अर्धाच विश्वास ठेवा. कॉपी करा, पण आधी दुसऱ्याच्या नावाने उघडून बघू. उघडला तर मी स्वतः पुसून टाकते आणि घरी जाते."

एवढ्याला तो तयार झाला. यंत्रातून डिस्कवर, डिस्कवरून तिच्या लॅपटॉपवर माल गेला. तेवढ्यात नारायण पाळी संपवून आलाच होता, त्याचं वय किती म्हणून भाग्यलक्ष्मी त्याच्याकडे टक लावून बघत होती. दीपश्रीने लॅपटॉप आपल्या फोनच्या डेटावर जोडला आणि उठून त्याला जागा दिली. "दादा, तुमचं नाव घाला." तिनेही रस्त्याकडे तोंड केलं, वादीने केलं, मीही केलं. भाग्यलक्ष्मीला काही कळेना, पण सगळे वळले म्हणून तीही वळली. नारायणने नाव घातलं, गेमवर बोट ठेवलं. गेम उघडला नाही. आधी विकत घ्या, म्हणून पडद्यावर आलं.

"आता माझं," दीपश्री म्हणाली. फोनच्या त्या थोड्याशा डेटावर यंत्राने तिकडे विचारून घेतलं, काय कमी-जास्त आहे ते बघितलं, चिमूटभर माल तेवढा वरून उतरवला, आणि दार उघडलं.

वादी वाकून बघत राहिला. मग माझ्याकडे वळला. "अज्जी, पोतं माझ्या गाडीतून गेलं."

"जाईना का. पावती तिच्या नावाची आहे नव्हे?"

"होय."

"मग हमाल कुणाचा ते कोण विचारतं."

त्याने मान हलवली, पण सावकाश. इतकी वर्षं ज्या कामाला पाप म्हणून हात लावला नाही, ते काम वेगळं आणि हे वेगळं, हे आत उतरायला त्याला जरा वेळ लागला.

गेममध्ये एक बाई होडीत बसून नदीकाठचे दिवे लावत जाते. भाग्यलक्ष्मी म्हणाली, "एवढ्यासाठी जेवली नाहीस?" आणि थोड्या वेळाने, "अगं, डावीकडे घे की होडी. तो एक दिवा राहिला."

तार दुसऱ्या दिवशी जोडून मिळाली. आणि नवरात्रात दीपश्रीच्या कॉलेजातली मुलं-मुली यायला लागली. होस्टेलच्या तारेवर गेम उतरवू देत नाहीत म्हणे. दसऱ्याच्या सुट्टीला गावी जायचं, गावात तार नाही, गेम तर घेऊन ठेवलेले. कुणी बागलकोटची, कुणी शिरशीची. पाठीला पिशव्या, हातात डिस्का. कुणाला तारेवरून उतरवून द्यायचं, कुणाला डिस्कवरून. वादी प्रत्येकाला नाव घालायला बसवायचा आणि रस्त्याकडे वळायचा. दोडके मात्र परत घेतले नाहीत.

एक गृहस्थ स्कूटरवरून मोठं यंत्रच उचलून घेऊन आले. वादीने विचारलं, "घरी तार आहे का? चांगली?" आहे म्हणाले. "मग कशाला उचलून आणलं? फोन काढा." त्याने त्यांना फोनवरून घरच्या यंत्राला निरोप कसा धाडायचा ते दाखवलं. म्हणाला, "यंत्र घरीच झोपवून ठेवा, बंद करू नका. बाहेरून सांगितलं की तिकडे उतरायला लागतं. घरी पोचाल तोवर बरंच झालेलं असेल. माझ्याकडे यायची गरज नाही."

मी कपाळावर हात मारला. मारुतीच्या देवळापासून आत वळा, तेच हे. पण त्या गृहस्थांनी दुसऱ्या दिवशी आपले दोन मेहुणे पाठवले, ज्यांच्या घरी तार नव्हती.

सावनीला यातलं काही माहीत नव्हतं. शाळेच्या सहामाहीच्या परीक्षा, ती उशिरा यायची, मागच्या दाराने घरात जायची. एके दिवशी लवकर सुटली आणि पुढच्या गल्लीने आली. आमच्या दारासमोर चपलांचा ढीग. लोक आत-बाहेर करतायत, हळू बोलतायत. ती धावत आली, पिशवी खांद्यावरून घसरलेली. मी ओसरीवर शेंगा सोलत होते. मला बघून ती थांबली, दाराला धरून उभी राहिली.

"काय झालं गं?" मी म्हटलं.

"काही नाही." तिला दम लागला होता. "चपला बघितल्या आणि मला वाटलं..."

"मी गेले असं वाटलं."

तिने डोळे पुसले आणि मग चिडली. "हसताय काय अज्जी."

"शेंगा खा. जिवंत बाईच्या हातच्या आहेत."

ती माझ्याशेजारी बसून शेंगा खात बघत राहिली. सगळी मंडळी गेल्यावर, दिवेलागणीच्या आधी, वादी चपलांच्या जागी झाडू मारत होता तेव्हा ती त्याला म्हणाली, "मुकुल उद्या फोन करणार आहे. काय सांगू?"

"तू म्हणशील ते."

"हे बघ. मी म्हणते म्हणून निघालास, आता मी म्हणते म्हणून राहशील. तुला काय पाहिजे ते एकदा तुझ्या तोंडाने सांग."

वादीने झाडू भिंतीला लावला. मी शेंगांच्या टरफलांत फार गुंतल्यासारखं केलं.

"मला इथं राहायचंय," तो म्हणाला.

"घरोघरी जाड तार आली की मग?"

"येईलच. मग हेही बंद होईल, सीडीसारखं. पण ते बंद होईल तेव्हा होईल. मी आजच का बंद करू?"

"तेव्हा काय करशील?"

"तेव्हाचं मला माहीत नाही. पण सावनी, गळ्यात पट्टा घालून मला उभं राहवणार नाही."

वादी वाद घालतोय हे मी पहिल्यांदा ऐकलं. सावनीनेही पहिल्यांदाच ऐकलं असावं. ती उठली आणि म्हणाली, "चहा करते." हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. मला तेवढ्यावर झोपावं लागलं.

खंडेनवमीला सकाळीच वादीने दुकान धुतलं. यंत्रं ओळीने मांडली, झेंडूच्या माळा. दीपश्री आणि तिची मंडळी आली. दुपारच्या गाडीने गावी जाणारी, शेवटचे गेम उतरवायला आलेली. पूजा चाललीय म्हटल्यावर त्यांनीही आपापले लॅपटॉप ओळीत लावले. भाग्यलक्ष्मीने होळिगे आणल्या होत्या. फळीवर इथं उतरवून मिळेलच्या वर दीपश्रीने बारीक अक्षरात गेम लिहिलं होतं. मी ते पुसलं नाही.

सावनी ताट घेऊन बाहेर आली. वादीच्या यंत्रांना तिने कुंकू लावलं, मग मुलांच्या लॅपटॉपना. वह्या तपासल्यासारखी एकेकापाशी थांबत, झाकणाच्या कोपऱ्यात बोट टेकवत, आत कुंकू जाऊ नये म्हणून. शेवटच्याशी पोचली आणि तिचा फोन वाजला. मुकुल होता. तिने ताट डाव्या हातात घेतलं.

"होय. आम्ही दसरा करून येतोय. नाही रे, सामान नाही. नुसते भेटायला. ते काम दुसऱ्या कुणाला तरी सांग." मग ऐकत राहिली. "त्याला नको आहे. आणि ऐक, ज्या दुकानापायी तू वखारीत दप्तर लपवायचास, ते दुकान बंद करायला तू सांगायचं नाहीस. वर्षभर बघतो. पुढचं पुढच्या खंडेनवमीला."

फोन ठेवून तिने वादीच्या कपाळाला कुंकू लावलं आणि काही झालंच नाही अशी आरती पेटवली. वादीने खिशातून किल्ली काढली, जी उद्या माझ्या हातात यायची होती. यंत्रांसमोर तबकात ठेवली, तिलाही कुंकू लागलं. आरती झाल्यावर ती त्याने परत खिशात टाकली.

दारात कोहळा फोडला. मुलं आपापल्या पिशव्या भरून होळिगे खात गेली. मग वादी माझ्याकडे आला. जरा लाजत म्हणाला, "अज्जी, इथं उतरवून मिळतं नव्हे?"

"काय उतरवू?"

"दुकानाची. इतक्या चपला बघून गल्लीत सगळे बघायला लागलेत."

मी मीठ, मोहरी, मिरच्या घेऊन आले. यंत्रांवरून, डब्यांवरून, फळीवरून मूठ फिरवली. मग त्याच्यासमोर उभी राहिले. तर हा सवयीने रस्त्याकडे तोंड करून उभा.

उतरवताना बोलायचं नसतं. पण बोलावं लागलं.

"वादी," मी म्हटलं, "इकडे बघ. आता तुझीच उतरवतेय."